सगुणच्या पिवळ्या वाट्या

आमच्या शेजारचा सगुण लग्नाला येतो तेव्हा दोन्ही कानांवर पिवळ्या वाट्या घालून येतो. हेडफोन नव्हेत हो, गाणी ऐकायची हौस त्याला मुळीच नाही. खाणीवर मोठमोठी यंत्रं चालवणाऱ्यांना कान झाकायला देतात त्या प्लास्टिकच्या वाट्या, आतून स्पंज आणि डोक्यावरून पट्टी. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, तोही उलटा, कारण शिवण टोचते. कपाळाला गंध, तोंडभर हसू आणि कानांवर ह्या वाट्या. नवरा-नवरी फोटोसाठी सरळ उभी राहतात आणि त्यांच्या मागे सगुण, विमान उतरवायला आल्यासारखा. आमच्या गोव्याच्या पार्से गावातल्या निदान पंधरा लग्नांच्या अल्बमांत तो असा सापडेल.

आता माझ्याविषयी एक सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा आवाज मोठा आहे. बत्तीस वर्षं मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळा रस्त्याला लागून आणि वर्गाच्या खिडकीखालीच बसचा थांबा. त्या हॉर्नांच्या छातीवर बसून मी मुलांकडून पाढे म्हणवून घेतलेत. निवृत्त मी झाले, आवाज झाला नाही. आमचे यजमान म्हणतात, तू जेवायला हाक मारलीस की पलीकडच्या कोरगावचे लोक हात धुतात.

अशा बाईच्या कुंपणाला लागून देवाने सगुणचं घर ठेवलं.

लग्न होऊन मी इथे आले त्याच महिन्यात त्याने मला पहिल्यांदा ऐकवलं, "टीचर, दोनार हाडात." गावात मला सगळे टीचरच म्हणतात. दोनार हाडात म्हणजे दोनवर आणा. पंख्याच्या बटणावर एक ते पाच आकडे असतात ना, तसे ते त्याच्या मते माणसांनाही असतात. त्याचा थोरला भाऊ पुंडलिकदादा दोनवर, वहिनी तीनवर आणि मी कायमची पाचवर. मला असा राग आला म्हणता! नवी नवरी मी, आणि हा काल-परवाचा पोर मला आवाज कमी करायला सांगतो? चार दिवस मी त्या कुंपणाकडे तोंड करून बोलले नाही. पाचव्या दिवशी तो वहिनीला सांगत होता, "हे चार दीस कितले बरे गेले!"

आज तो चोपन्न वर्षांचा आहे. ज्या माणसाच्या अंगावर चमचा ताटाला घासला तरी काटा येतो, त्याने वीस वर्षं डिचोलीकडच्या एका खाणीवर मेकॅनिकचं काम केलं. मी एकदा विचारलंच, की बाबा, जगात दुसरी नोकरी नव्हती? तर म्हणतो, "टीचर, मोडिल्लें मशीन वोगी आसता." वोगी म्हणजे गप्प. बिघडलेलं यंत्र गप्प असतं, त्याच्याशी त्याचं जमतं. दुरुस्त होऊन ते गुरगुरायला लागलं की मालकाच्या हवाली करायचं आणि दुसरं गप्प यंत्र शोधायचं. खाणी बंद पडल्या तेव्हा तो घरी आला, येताना वाट्या तेवढ्या घेऊन आला.

मग त्याने बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, मिक्सर दुरुस्तीला घेतले. सगुणच्या हातून गेलेला मिक्सर मांजरीसारखा चालतो, हे त्याचे शत्रूही कबूल करतील. पण तो हातून जायला हवा ना! एक मिक्सर उघडायचा, त्यातल्या स्क्रूवरून दुसऱ्याची आठवण व्हायची, तो उघडायचा, तेवढ्यात पंप बोलावतो, "आयलोंच हां!" म्हणून उठायचं, ते थेट संध्याकाळी कुळागरात, म्हणजे मागच्या पोफळीच्या बागेत, पाण्याचा पाट वळवताना सापडायचं. गावातली बाळं "आई" आणि "बाबा"नंतर तिसरा शब्द "आयलोंच" शिकतात. माझा मिक्सर अकरा महिने त्या बलकांवात उघडा पडला होता. अकरा महिने मी रगड्यावर खोबरं वाटलं, आणि प्रत्येक वाटपाबरोबर सगुणच्या नावाने काय काय वाटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी मिक्सर आला. उत्तम चालत होता, फक्त झाकण दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

चारचौघांत कसं वागावं, याची तर बोंबच. एकदा खालच्या वाड्यावर एक म्हातारे गेले. आम्ही सगळे समाचाराला गेलो. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कोणी बोलत नव्हतं आणि वर पंखा कट्-कट्, कट्-कट्. आम्हाला तो ऐकूही येत नव्हता. सगुण मात्र चुळबुळ करू लागला, मान वर, मान खाली. मग उठला, स्टूल ओढलं, खिशातून पकड काढली आणि भर समाचारात पंखा उतरवायला चढला. मी तोंडाला पदर लावला, लोकांना वाटलं रडते आहे. दहा मिनिटांत पंखा बिनआवाजी फिरू लागला आणि हा "आयलोंच" म्हणून निघूनही गेला. त्या घरची बाई मात्र महिनाभराने मला म्हणाली, "टीचर, सगळे बसून गेले. एकट्याने काहीतरी केलं."

लग्न जमलं नाही ते असंच. मुलगी बघायला मोरजीला गेले होते, दादा, वहिनी आणि हा. मुलगी आवडली होती, मुलीलाही हा बरा वाटला होता. पण मुलीचे वडील चहा भुरकत होते. पहिला घोट सगुणने सोसला, दुसरा सोसला. तिसऱ्याला हात जोडून म्हणाला, "काका, च्या मातशी दोनार पियेयात." झालं! पुढे मुली बघायचं थांबलं ते थांबलंच. तो एकटा राहिला, आणि आम्ही वर्षानुवर्षं ती भुरक्याची गोष्ट सांगून हसलो.

चवथीचं तर मला फारच लागायचं. त्यांच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, माणूस तीस-पस्तीस. आरतीला घुमट आणि शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कांसाळं, म्हणजे मोठ्या झांजा, सुरू झाली की छपराची कौलं हलतात. आरत्या मी सांगते, पाचवर. आणि ह्या घरचा हा मुलगा गणपती आसनावर बसला की कुळागरात पळायचा, तो थेट विसर्जनानंतर माणसांत. देवाच्या दारातून पळणारा माणूस, असं मी त्याला तोंडावर म्हटलेलं आहे. घरात तो टिकायचा फक्त आदल्या दिवशी, माटोळी बांधताना. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि बागेतली फळं, शेंगा, कंद बांधतात, ती माटोळी. सुतळी चालत नाही, केवणीच्या सालीचा दोर लागतो. दादा स्टुलावर उभा राहून बांधायचा आणि सगुण खालून एकेक जिन्नस वर द्यायचा. चाळीस वर्षं हा क्रम. सगुणला स्टुलावर कधी कोणी चढू दिलं नाही, कारण चढला असता तर वरूनच "आयलोंच" म्हणाला असता.

दोन वर्षांमागे दादाची मुलगी श्रेया सगुणला पणजीला डॉक्टरकडे घेऊन गेली. ती तिथेच नोकरी करते, वाचणारी मुलगी, काकाला लहानपणापासून बघत आलेली. पेडण्याहून पणजी गाठायला त्यांना चार बस लागल्या. एकीत गाणी होती, दुसरीत कंडक्टर शिट्टी मारून मारून बसच्या पत्र्यावर हात आपटत होता, तिसरीत कुणाच्या तरी पिशवीत सुकी मासळी होती. प्रत्येकीतून हा उतरला. दवाखान्यात नंबर येईपर्यंत वरची ट्यूबलाइट गुणगुणत होती. डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा हा बाकावर उभा राहून स्टार्टर फिरवत होता. श्रेया म्हणते, निम्मी तपासणी तिथेच झाली.

मग दोनतीनदा जाणं झालं, प्रश्नोत्तरं झाली. त्याला एडीएचडी आहे असं निघालं. लक्ष एका जागी ठरत नाही, आणि वर कान, कातडी, नाक सगळंच वाजवीपेक्षा जास्त उघडं. जन्मापासूनचं, आळस नव्हे, वेड नव्हे. गोळ्या आहेत, सवयी आहेत, अगदी जाणार नाही पण सांभाळता येतं. बाहेर येऊन तो मांडवीच्या काठी बसला आणि अर्धा तास खिशातली पकड उघड-मीट करत राहिला. श्रेया घाबरली. मग म्हणाला, "दादाक सांगूंक जाय." दादाला सांगायला हवं, एवढंच.

त्याने सांगितलं तेव्हा मी तिथे होते. मी असतेच. दादा बलकांवात खुर्चीवर बसला होता. सगुण शाळकरी पोरासारखा समोर उभा राहिला. "दादा, हांव आळशी न्हय. दोतोर म्हणटा."

"तुका आळशी कोणें म्हटलें?"

"सगळ्यांनीं. तुवेंय."

आत ओटीवर त्यांच्या वडिलांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ टकटक करत होतं. दादाने विचारलं, "तुका सगळेंच आयकूं येता?"

"सगळें. एकाच वेळार."

"हें घड्याळूय?"

"तें सगळ्यांत आदीं."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ओटीवरची भिंत मोकळी. त्या घड्याळाला घरात कोणी हात लावत नसे, किल्लीसुद्धा फक्त दादा द्यायचा. ते दादाने स्वतः काढून कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे नेऊन ठेवलं होतं. वर भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता.

सगुणने आपला आजार कधी लपवला नाही. लोक रक्तदाब सांगतात तसा तो सांगायचा. "आदीं ताका नांव नाशिल्लें, गाळीच आशिल्ल्यो," म्हणायचा. खरंच, पूर्वी नाव नव्हतं, नुसत्या शिव्याच होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या. गावाने आपल्या परीने औषधं सुचवली, ब्राह्मी, बदाम, लग्न. मीही शहाणपणा केला. म्हटलं, "अहो सगुणबाब, विसरायला मलाही होतं की!" तो माझ्याकडे शांतपणे बघून म्हणाला, "टीचर, तुमी चश्मो विसरतात. हांव पेटयिल्लो गॅस विसरतां." मी चश्मा पुसायला घेतला.

आणि मग वैशाखात पुंडलिकदादाला झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आणखी एक झालं. आवाज सोसेना. कुकरची शिट्टी झाली की अंग दचकायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. डावा हात तेवढा चालतो, तो कानावर न्यायचा. एकच हात, म्हणून एकच कान झाकायचा. ते बघवत नव्हतं हो.

त्याची खोली सगुणने ताब्यात घेतली. खाटेच्या पायांना जुने टायर कापून लावले, दाराच्या बिजागऱ्यांत तेल घातलं, पंखा उतरवून चढवला, खिडकीची झडपं कापडाने बांधली. पावाचा पदेर सकाळी भोंगा वाजवत यायचा, त्याच्याशी बोलून फाटकाला पिशवी टांगली आणि भोंगा नाक्यावरच बंद करवला. हे सगळं त्याने पुरं केलं, अर्धं सोडलं नाही. पण ते आमच्या लक्षात आलं नाही, कारण बलकांवात मिक्सर उघडे होते आणि आमची नजर तिथे.

श्रावणात घरात प्रश्न आला, यंदा माटोळी कोण बांधणार? दादाचा मुलगा विनय, सरळ मुलगा, पण कार्यालयात वेळापत्रकाने चालणारा. तो म्हणाला, आता बाजारात बांधलेली तयार चौकट मिळते, सांगितलं की आणून टांगतात. तेवढ्यात सगुण दारातून म्हणाला, "माटोळी हांव बांदतलों."

विनय हळूच म्हणाला, "काका, तुज्या बलकांवांत तीन मिक्सर उगडे आसात."

"आसात. तरीय हांव बांदतलों. ह्या घरची माटोळी बाजारांतल्यान येवची ना."

शेवटी ठरलं, की आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत माटोळी होण्याच्या मार्गावर दिसली तर ठीक, नाहीतर विनय फोन करणार. आणि एकदा बाजारची माटोळी आली की पुढे दरवर्षी तीच येणार, हे सगळ्यांना कळत होतं. सगुणलाही कळत होतं. खरं सांगते, मी विनयच्या बाजूची होते.

जिन्नस जमवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. जी नजर एका जागी ठरत नाही, तिला रानात सगळंच दिसतं. आठ दिवसांत त्याने कांगलां, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, आंबाडे, करमलं, तोरिंग, बेलफळ, कसकसले कंद, असे ऐंशीच्या वर प्रकार आणले. ओटीवर जमिनीला जागा राहिली नाही. घागऱ्यांच्या सुकलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात. त्या तो कानाशी नेऊन वाजवत बसला होता. म्हटलं, हा आवाज चालतो वाटतं? तर म्हणतो, "हो आवाज बरो. हो विचारून येता." म्हणजे हा आवाज आधी विचारतो, मग येतो.

आदल्या दिवशी सकाळी तो वाट्या चढवून स्टुलावर चढला. घरात मुंबईहून आणि फोंड्याहून माणसं आलेली, चुलीवर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळणं चाललेलं, टीव्ही लागलेला, पोरं लवंगी फटाके लावताहेत. वाट्यांनी काय काय अडणार? तो एक घोस बांधायचा, खाली उतरायचा, दुसऱ्याला हात घालायचा, टाकायचा, दोर भिजवायला जायचा, वाटेत नळ गळताना दिसायचा. मला राहवेना. मी घरी जाऊन पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून आणलं, नऊ ते दहा शेंगा, दहा ते अकरा कंद, आणि स्टुलाशेजारी उभी राहून पाचवर सूचना द्यायला लागले. "सगुणबाब, तोरिंग झालं? सगुणबाब, तिकडे कुठे? सगुणबाब, दोर!" बत्तीस वर्षं असंच तर शिकवलं होतं. एकदा त्याने दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, आज दोनबिन काही नाही, आज काम. दुपारी दोन वाजता चौकटीला सतरा घोस होते. शंभराच्या जागी सतरा! त्याने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, चेहरा घामाने निथळत होता. मग केवणीच्या दोराची जुडी आणि शेंगांची एक टोपली काखेत मारून म्हणाला, "आयलोंच."

गेला. अर्धा तास, पाऊण तास. विनय फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या घालू लागला. मी तावातावाने निघाले. बलकांव बघितलं, पंपाची खोली बघितली, चिखल तुडवत कुळागर पालथं घातलं. आज सापडला तर कान धरून आणते, वाट्यांसकट, असं ठरवूनच. कुठेच नाही. शेवटी मागच्या बाजूने घरात शिरले तर दादाच्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं आणि ओरडले, "सगुणबाब!"

दादा उशांना टेकून बसला होता. डाव्या हातात केवणीचा दोर, अंगठ्याखाली दाबलेला. माझ्या आवाजाने तो दचकला, पण दोर सोडला नाही. अंगठा तसाच ठेवून त्याने दोन बोटं वर केली.

दोनवर.

सगुण खाटेशेजारी जमिनीवर बसला होता, वाट्या काढून बाजूला ठेवलेल्या. एका घोसाभोवती दोराचा फेर घालून टोक दादाच्या बोटांत द्यायचा, दादा दाबून धरायचा, सगुण गाठ ओढायचा. एक हात ह्याचा, दोन हात त्याचे. बारा-पंधरा घोस बांधून भिंतीशी मांडलेले होते. मान वर न करता तो पुटपुटला, "टीचर, हांव उठलों जाल्यार दादाच्या हातांतली गांठ सुटता."

म्हणून तो उठत नव्हता. बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता, त्याची मान त्या दिशेला वळायची, पाय हलायचे, आणि दादाच्या अंगठ्याकडे बघून तो परत बसायचा. मी बघत होते ना, दहादा तरी असं झालं. दात आवळून बसला होता. मी उंबऱ्यावर बसले आणि टोपलीतून एकेक जिन्नस पुढे सरकवू लागले. दोन तास बोलले नाही. हे आमच्या घरात अजून कोणी मानत नाही.

मध्येच वहिनी चहा घेऊन आल्या. दारात थांबून बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी हळू म्हणाल्या, "टीचर, यांना चाळीस वर्षं वर जिन्नस द्यायला माणूस कशाला लागायचं? टोपली स्टुलावर मावते. पण म्हणायचे, तेवढाच एक दिवस सगुण घरात बसतो." मी टोपलीत मान घातली. डोळ्यांना काय झालं होतं त्याची पंचाईत करायची गरज नाही.

चार वाजता विनय आला. त्याने खोलीत डोकावून बघितलं, भिंतीशी लागलेली रांग मोजली, फोन खिशात टाकला आणि चपला काढून घोस उचलून ओटीवर नेऊन टांगू लागला. दिवेलागणीला चौकट भरली. घागऱ्यांचा घोस सगुणने स्वतः, अगदी शेवटी, मध्यभागी टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती आला, माटोळीखाली बसला. आलेल्यांनी वर बघून तोंडात बोटं घातली. आरतीची तयारी झाली, घुमटवाले घुमटावर बोटं फिरवू लागले. विनय म्हणाला, बाबांना खोलीतच राहू दे, दार लावून घेऊ. बरोबरच होतं त्याचं. सगुण म्हणाला, "माटोळी ताणें बांदल्या." आणि खुर्चीला एका बाजूने हात घालून उभा राहिला. मग विनयने दुसरी बाजू धरली आणि दादाला ओटीवर, माटोळीच्या समोर आणून बसवलं. दादाने वर बघितलं. एकेक घोस करून सगळी चौकट बघितली. मग त्याला घुमट दिसलं आणि डावा हात आपोआप कानाकडे निघाला, एका कानाकडे.

सगुणने आपल्या कानांवरच्या वाट्या काढल्या. स्पंज सदऱ्याला पुसला, पट्टी मोठी केली आणि दादाच्या कानांवर नीट बसवल्या, दोन्ही कानांवर. पिवळ्या वाट्या घातलेला दादा समोर बघत राहिला आणि सगुण उघड्या कानांनी खुर्चीमागे उभा राहिला.

घुमटावर पहिली थाप पडली. मुस्काटात बसल्यासारखा तो हलला. मला वाटलं, आता म्हणेल, "आयलोंच." आरती सांगायची मी, पण माझ्याच्याने पाचवर होईना. मी इतका हळू आवाज लावला की आमचे यजमान घाबरून माझ्याकडे बघू लागले. सगुणने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं, पाय जमिनीला रोवलेले. दादाचा डावा हात मागे गेला, चाचपडत त्याच्या बोटांवर आला आणि काल दोर धरला होता तसा धरून राहिला.

तेव्हा सगुणने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. कांसाळ्यांच्या त्या कल्लोळात, कपाळाला आठ्या घालून, मला ऐकू जावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडला, "टीचर, पांचार हाडात! दादाक आयकूं येवंक जाय!"

मी पाचवर आणला. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तरी खाली घेतला नाही.